दुर्बीण आत गेली, पण दिसले किती?

संपादक महोदय,

एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरच्या अनुभवाचा विषय निघाला की ‘आजवर किती केल्या’ हा आकडा पुढे येतो. डॉक्टरही स्वतःला बहुधा त्याच आकड्याने जोखतात. सुरुवातीच्या काळात त्याला अर्थ असतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, शिकणाऱ्याची क्षमता १४० तपासण्यांनंतर जोखावी, असे अमेरिकेत पूर्वी मानत. पुढे प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा सरासरी शिकाऊ डॉक्टरला पुरेशी सफाई यायला २७५च्या आसपास तपासण्या लागतात असे दिसले. त्यानंतर मात्र हजार आणि पाच हजार यांतला फरक कौशल्याबद्दल फारसे काही सांगत नाही.

कोलोनोस्कोपीचे दोन भाग असतात, नळी आत नेणे आणि ती बाहेर काढत आतड्याचे अस्तर पाहणे. पहिल्या भागात चूक झाली की लगेच कळते. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या नागमोडी भागात, नळीचा वेढा पडला की हाताने ढकलूनही टोक पुढे सरकत नाही, कधी उलट मागे येते आणि रुग्ण कण्हू लागतो. नळी मागे ओढून, पीळ देऊन वेढा सोडवला की हात हलेल तसे टोक हलू लागते. सीकमपाशी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाशी, पोचल्यावर सरळ नळी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर आत असते. तिथे ११० चा आकडा दिसत असेल तर वेढा अजून बाकी आहे. ‘मला नळी नेता येते का’ याचा डॉक्टरचा अंदाज म्हणूनच बऱ्याच अंशी बरोबर येतो. एक फसगत मात्र नेहमीची: यकृताजवळचे वळण हेच सीकम समजणे. पोटाच्या भिंतीवर दिसणारा नळीच्या दिव्याचा उजेड हा पुरावा नव्हे. अपेंडिक्सचे तोंड आणि लहान आतड्याची झडप या दोन्हींचे फोटो असतील तरच सीकम गाठले असे लिहावे.

खरी पंचाईत दुसऱ्या भागात आहे. जे नजरेतून सुटले ते पडद्यावर नव्हतेच, त्यामुळे सुटल्याची जाणीवच होत नाही. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी करून पाहिलेल्या अभ्यासांत पहिल्या फेरीत सुमारे एक चतुर्थांश अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी, हुकल्याचे आढळले. बहुतेक लहान, अस्तराच्या घडीमागे दडलेल्या. उजव्या बाजूला सपाट, श्लेष्माच्या थराखाली लपणाऱ्या गाठी असतात. त्या तर सहज निसटतात. यांतून पुढे कर्करोग झालाच तर तो काही वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे उघड होतो. मूळ डॉक्टरच्या नोंदीत तपासणी ‘नॉर्मल’च राहते, आणि त्याच्या आत्मविश्वासाला धक्का लागत नाही. डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनावरील अभ्यासांचा आढावा ‘जामा’ या नियतकालिकात २००६ साली आला होता. सर्वांत चुकीचे अंदाज ज्यांचे कौशल्य कमी होते त्यांचे आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वाधिक होता त्यांचे, असे त्यात दिसले. हे वाचून आपला समावेश दोन्हींत नाही असेच प्रत्येकाला वाटते, हा भाग वेगळा.

म्हणून या कामात अ‍ॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण मोजतात: तपासणी झालेल्या शंभरांपैकी किती जणांत किमान एक अ‍ॅडेनोमा मिळाला. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात १३६ डॉक्टरांचे हे प्रमाण ७.४ पासून ५२.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्या डॉक्टरच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याची जोखीम ३ टक्क्यांनी कमी दिसली. सगळे प्रशिक्षित, सगळे रोज काम करणारे, आणि तरीही एवढे अंतर. तिथल्या २०२४ च्या निकषांनुसार ४५ वर्षांवरील रुग्णांत हे प्रमाण किमान ३५ टक्के हवे, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ३०.

आकडा काढतानाही स्वतःला फसवता येते. शंभर तपासण्यांत २५ जणांत अ‍ॅडेनोमा मिळाले तर खरे प्रमाण १७ ते ३४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते; पाचशेवर तेच २५ टक्के आले तर पल्ला २१ ते २९ इतका आवळतो. तेव्हा एका महिन्याच्या आकड्यावर खूश किंवा खट्टू होण्यात अर्थ नाही. दुसरे असे की, एक गाठ मिळाली की रुग्ण ‘सापडला’ या रकान्यात जातो आणि उरलेल्या आतड्यात नजर सैल पडते. यावर उपाय म्हणजे दर तपासणीमागे एकूण किती अ‍ॅडेनोमा मिळाले हेही सोबत मोजणे. नळी बाहेर काढण्याचा वेळ मोजायचा तर फक्त ज्यांत काही कापले नाही, बायोप्सी घेतली नाही अशा तपासण्या धराव्यात, नाहीतर गाठ काढण्याची मिनिटे मिसळून सरासरी फुगते. या वेळेची किमान मर्यादा पूर्वी ६ मिनिटे होती, आता ८ आहे. आणि घड्याळाकडे बघत नळी एकाच जागी धरून ठेवली तर त्या मिनिटांचा उपयोग शून्य.

‘आतडे साफ नव्हते’ ही सबब खरी असू शकते, पण मोघम लिहिली तर तपासता येत नाही. स्वच्छता मोजणाऱ्या बोस्टन मोजपट्टीत आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात. ते धुऊन, शोषून घेतल्यानंतर द्यायचे असतात. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले असतील तर हुकलेल्या गाठीचा दोष जुलाबाच्या औषधाला देता येत नाही.

शिकाऊ डॉक्टरांकडून निरीक्षणाचा तक्ता भरून घेताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्याने स्वतःला गुण द्यावेत, मग प्रशिक्षकाने, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलावे. प्रशिक्षकाचे गुण आधी दिसले की शिकाऊ डॉक्टर तेच उतरवतो. ज्येष्ठांसाठी परतीच्या प्रवासाचे चित्रीकरण उपयोगी पडते. डॉक्टरचे नाव झाकून दुसऱ्याने ते पाहावे: घडीमागे टोक वळवले का, साचलेले पाणी शोषले का, उजवी बाजू दुसऱ्यांदा पाहिली का, रुग्णाची कूस बदलली का. स्वतःचेच चित्रीकरण पुन्हा पाहिले तरी बरेच उमगते, फक्त ते दुप्पट वेगाने पाहू नये.

हिशेब ठेवणारा मात्र डॉक्टर स्वतः नसावा. पॅथॉलॉजीचा अहवाल तपासणीच्या नोंदीला जोडणे, अर्धवट राहिलेल्या तपासण्याही भाजकात धरणे, ही कामे परिचारिकेकडे किंवा नोंदणी कर्मचाऱ्याकडे द्यावीत. ‘ती केस अवघड होती, सोडून द्या’ असे म्हणण्याचा मोह त्यांना होत नाही.

– एक एंडोस्कोपी प्रशिक्षक