सिस्टर, तुम्ही आधी माझा बीपी बघितलात

सिस्टर, सा. न. वि. वि.

पत्र असंच सुरू करायचं हे दादांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलेलं, म्हणून. पुढचं मात्र त्यांच्या वळणाचं नाही.

तुम्ही निगडीला मुलाकडे राहायला गेलात त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. तुमचा टेम्पो निघाला तेव्हा मी कंपनीत गेज हातात घेऊन उभा. आभार राहून गेले ते गेलेच. फोनवर मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, आईच्या गोळ्या चालू आहेत ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नात वाचून दाखवेल तेव्हा मधेच तोडता येणार नाही.

जानेवारी २०२२. दादांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले होते. तुम्ही रोज संध्याकाळी तळमजल्यावरून वर यायचात, तो पाऱ्याचा जुना बीपीचा डबा घेऊन. कॅथेटर बघायचं, पाठीला कुठे लाल झालंय का बघायचं, आईला दोन शब्द. त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी अर्धा तास आमचं नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. बाथरूमच्या डक्टमधून ते खाली पोचलं असणार. तुम्ही आजवर कबूल केलेलं नाही.

भांडण जुनंच. मला मूल लगेच हवं होतं आणि हिला नको होतं. निदान मी तसं ऐकलं होतं. ही बँकेत क्लार्क, जेएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा झालेली, प्रमोशनची परीक्षा तोंडावर. ऑफिसर झालं की बदली ठरलेली, आणि ती कुठे हे कुणाच्या हातात नाही. ती एकोणतीसची, मी चौतीसचा. आई रोज तिशीचा हिशोब मांडायची. मावशी फोन करून विचारायची, "काय गं, गोड बातमी कधी?" हिलाच. मला एकदाही नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर एका बाईंनी वाणासोबत डॉक्टरचा पत्ताही हातावर ठेवला. ही रात्री मला सांगताना हसत होती, आणि मग हसायची थांबली.

मी काय करत होतो? काही नाही. आई बोलली की गप्प बसायचो. गप्प बसणं म्हणजे आईचीच बाजू, हे मला कळत होतं. सोयीचं होतं.

तर दादांचा बीपी झाला. पट्टा गुंडाळता गुंडाळता तुम्ही थांबलात नि म्हणालात, "ये, बस. तुझाही बघू." १५०/९६. तुम्ही परत घेतलात, तेवढाच. मग चहा मागितलात, आणि आई आत गेल्यावर हळूच विचारलंत, "मूल कुणाला हवंय?"

"सगळ्यांनाच," मी म्हणालो.

"सगळे रात्री उठणारेत का?"

मी चिडलो होतो सिस्टर, खोटं कशाला बोलू. वाटलं, ह्या हिच्याच पार्टीच्या. (अजूनही थोडं वाटतं. होतातच तुम्ही.) पण तुम्ही भाषण दिलं नाहीत, चौकशी सुरू केलीत, उपकेंद्रात केसपेपर भरतात तशी. नाईट शिफ्ट महिन्यातून किती? आई दादांचं करतात, मग बाळ कुणाकडे? बँक हिला सहा महिने रजा देईल, सातव्या महिन्यात काय? तुझ्या किती सुट्या शिल्लक? पीएल अकरा होत्या. त्यातल्या सहा गावच्या यात्रेसाठी मनात राखलेल्या, हे तुम्हाला सांगितलं नाही. तुझ्या कंपनीत पाळणाघर आहे? मी हसलोच. "कंपनीत बायका आहेत कुठे, सिस्टर?"

"पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर पाहिजे, असं २०१७ पासून कायद्यात आहे. माणसं म्हटलंय, बायका नाही," तुम्ही म्हणालात. त्याच कायद्याने आईला सव्वीस आठवडे पगारी रजा दिली आणि बापाबद्दल एक ओळही लिहिली नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात. माझ्यासारख्याला कंपनी देईल ते.

मग तुमच्या नोकरीचं निघालं. जावळी तालुका, बामणोलीच्या बाजूला लाँचने पाणी ओलांडून जायचं, पुढे पायी. पिशवीत कुटुंबनियोजनाची, लाल त्रिकोणाची पत्रकं. "आमच्या रजिस्टरला नाव होतं पात्र जोडपी. नाव जोडप्याचं आणि चौकशी बाईची. शहाण्णव सालापर्यंत वरून टार्गेट यायचं. आकडा भरायचा तर सापडणार कोण? बाप्या रानात नाहीतर मुंबईला. घरात सापडायची ती बाई. मीसुद्धा तेच केलं." एवढं बोलून तुम्ही बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत होतात. नंतर मी आकडे शोधले, कामच ते माझं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांच्या ०.३. आमच्या लाइनवर एवढा फरक आला तर मशीन बंद करतात.

चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही रोज येत होतात. पाचव्या दिवशी हिला आणि मला समोरासमोर बसवलंत, कालनिर्णयचं मागच्या वर्षीचं एक पान टराटरा फाडून दोन तुकडे केलेत आणि म्हणालात, "महिना आणि साल लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

मी लिहिलं, "लगेच". हिने लिहिलं, "जून २०२४".

माझं डोकंच चालेना. दीड वर्ष मी "आत्ता नको" मधलं फक्त "नको" ऐकत होतो. हिच्याकडे तारीख होती. परीक्षा, बाहेरच्या पोस्टिंगची दोन वर्षं, मग इकडे यायची विनंती आणि मग. हिच्या थोरल्या बहिणीने बाळंतपणात सोडलेली नोकरी परत कधी मिळाली नाही, हे मला माहीत होतं. ते हिच्या पोटात कुठे बसलंय, ते माहीत नव्हतं. माझ्या "लगेच"खाली काय होतं ते तुम्ही मला बोलायला लावलंत. दादा. त्यांच्या डाव्या हातात नातू ठेवायचा होता मला, तो हात हलत नव्हता तरी.

"दादा तीन महिने आहेत की तेरा वर्षं, मला माहीत नाही नि डॉक्टरलाही नाही. त्यांच्या घड्याळावर मूल ठरवू नको," तुम्ही म्हणालात. बोचलं. अजून बोचतं.

तिशीचं भूतही तुम्हीच उतरवलंत, आईच्या देखत. तिशीला नळ बंद होत नाही. हळूहळू कमी होतं, पस्तिशीनंतर जरा वेगाने. शंभर जोडप्यांत पंच्याऐंशीच्या आसपास जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर बघा, पुढे असाल तर सहा महिने, मग डॉक्टर. आईचा दुसरा ठाम समज, "ते तांब्याचं बसवलं की नंतर राहत नाही." तुम्ही शांतपणे सांगितलंत, कॉपर-टी दहा वर्षं चालते आणि काढली की पुन्हा दिवस जाऊ शकतात. इंजेक्शनचं मात्र तसं नाही, ते थांबवल्यावर कित्येक महिने वाट बघावी लागू शकते. पाळणा लांबवायचा तर काय वापरायचं ते हिने ठरवलं, मी सोबत गेलो. बाहेरच्या बाकावर मी एकटाच पुरुष होतो.

आणि जाता जाता माझ्या शर्टाच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे बोट. "मावा." पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, आज सोडलास तर तीन महिन्यांनी फरक, बापाचंही वय होतं, त्याचाही हिशोब धरतात. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावा सुटायला तीन महिने नाही, दोन वर्षं लागली. तेवढं तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं होतं, इथे कबूल करतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ही पास झाली, पोस्टिंग लातूर जिल्ह्यात. दुसऱ्या नि चौथ्या शनिवारच्या सुट्टीला ती यायची, मधल्या रविवारी मी एसटीने जायचो. ती नसताना दादांचं अंथरूण बदलायला मी शिकलो, तुमच्याकडूनच. एका कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळायची, मग दुसऱ्या. आई म्हणायची, पुरुषाचं काम नाही. तुम्ही म्हणायचात, हात आहेत ना त्याला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दादा गेले. हिची यायची वेळ चार महिन्यांवर होती. शेवटच्या रात्री तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात आणि पहाटे मला उठवलंत. तेराव्याला पंगत उठल्यावर एक काका सगळ्यांत म्हणाले, नातवाचं तोंड न बघता गेला बिचारा. बायका हिच्याकडे बघायला लागल्या. मी पत्रावळी उचलत होतो. म्हणालो, "काका, ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं. बोलायचं तर मला बोला." आवाज कापत होता. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात होतात, मला दिसलं.

मला वाईट वाटतं का? वाटतं. दादांच्या खाटेची जागा अजून रिकामी ठेवली आहे, तिथून जाताना रोज वाटतं. पण त्याचं बिल मी हिच्या नावावर फाडत नाही. सिस्टर, त्या वेळी तुम्ही बीपीचा पट्टा माझ्या दंडाला बांधला नसतात तर फाडलं असतं. आयुष्यभर, थोडं थोडं, भाजीत मीठ कमी पडलं तरी. याचे आभार मानायचे होते.

आता इकडची खबर. ही कराडला बदलून आली, पण नव्या शाखेत बस्तान बसेपर्यंत जून २०२४ चा जून २०२५ झाला. या वेळी थांबू या असं मीच म्हणालो, कंपनीत कपातीची हवा होती. चिठ्ठी दाखवून ती मला चिडवायची. चिठ्ठी फ्रिजवर आहे, दोन्ही तुकडे. कॉपर-टी काढली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोलिक ॲसिड महिनाभर आधीपासून, कारण बाळाचा कणा घडतो तो दिवस गेलेत हे कळायच्या आत. थायरॉइड तपासून झालं, रुबेलाचंही विचारून घेतलं. चान्स घेतोय, आठ महिने झाले. अजून काही नाही. तुमच्या हिशोबाने आणखी चार महिने डॉक्टरकडे पळायचं नाही, पण माझी तपासणी मी मागच्या आठवड्यात उरकली. आधी पुरुषाची करा, सोपी असते, हे तुमचंच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी कशाला?

रिपोर्ट शुक्रवारी आहे. संध्याकाळी फोन करतो. "हिला दे" म्हणू नका, मीच वाचून दाखवणार आहे.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा