सॉसेज आंबवताना नजर घड्याळावर हवी

मा. संपादक,
स. न.

आंबवून वाळवलेल्या सॉसेजच्या बहुतेक कृती ‘वजन तिसऱ्या हिश्श्याने घटले की झाले’ इथे संपतात. वजन घटले म्हणजे पाणी गेले, एवढेच कळते. खरा धोका त्याआधीचा, खिमा उबेत आंबत असतानाचा.

त्या उबेत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात, तसा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा विष बनवणारा जिवाणूही वाढतो. पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की आकडा उतरतो) ५.३ पर्यंत उतरला की तो आवरतो. उशीर झाला तर मात्र तोवर विष तयार झालेले असते आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून साधा हिशोब ठेवावा : आंबवण्याच्या तापमानातून १५.६ वजा करायचे आणि उरलेल्या अंशांना तासांनी गुणायचे. तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर पीएच ५.३ होईपर्यंत हा गुणाकार ६६५ च्या आत हवा. म्हणजे २४ अंशांवर सुमारे ७९ तास, ३० अंशांवर जेमतेम ४६. मुदत उलटली तर ‘अजून एक रात्र ठेवून बघू’ नको.

पीएच का अडतो? कल्चर (आंबवण्यासाठी घालायचे लॅक्टिक जिवाणूंचे विरजण) क्लोरीनच्या पाण्यात कालवलेले असते, नाहीतर साखर कमी पडलेली असते. किलोला ३ ते ५ ग्रॅम डेक्स्ट्रोज लागते. मागच्या खेपेतला खिमा विरजणासारखा वापरणे तर नकोच, त्यात काय वाढले आहे याचा पत्ता नसतो. पीएच मीटर ७ आणि ४ च्या द्रावणांत आधी जुळवून घ्यावा.

नायट्राइट (घातक जिवाणू रोखणारा क्षार) वगळलेल्या ‘नैसर्गिक’ कृती आम्हाला बेजबाबदार वाटतात. सॉसेजच्या पोटात हवा नसते, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवघेणे विष बनवणाऱ्या जिवाणूला तेच हवे असते. ६.२५ टक्के नायट्राइटचे क्युअरिंग मीठ किलोला २.५ ग्रॅम, तेही काट्यावर तोलून. जास्त झाले तर तेच विष. एकूण मीठ २५ ते ३० ग्रॅम.

वाळवण १२ ते १५ अंशांवर, आर्द्रता आधी ८५-९०, मग हळूहळू ७५ टक्क्यांवर. हवा फार कोरडी असली तर साल कडक होते आणि पाणी आत कोंडते. काप काढल्यावर कडेला गडद कडे आणि मधे मऊ गर दिसतो तो यामुळेच.

ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक जिवाणू मात्र या साऱ्याला पुरून उरू शकतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया राज्यांत नियम पाळून बनवलेल्या सलामीतूनही त्याची लागण झाली होती. त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना न शिजवलेले वाळवलेले सॉसेज देऊ नये, ही सूचना प्रत्येक कृतीखाली छापावी.

– मांसप्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक