कॅमेरामनला तासभर आधी बोलवा

संपादक महोदय,

'कार्यक्रम दोन तासांचा, मग पैसे सहा तासांचे कसे?' असा सवाल ठाण्यातल्या एका वाचकाने मागच्या आठवड्यात याच सदरात केला होता. त्यांच्या संस्थेच्या चित्रीकरणात आवाज फाटका आला, चेहरे निळे दिसले, म्हणून त्यांनी झाडून सगळ्या कॅमेरामनना झोडपले आहे. मी नौपाड्यात राहतो आणि २००४ पासून लग्ने, मुंजी, व्याख्याने, वर्धापन दिन असे काय काय चित्रित करत आलो आहे. त्यांचा कॅमेरामन मी नव्हे. पण तसला फाटका आवाज मीही एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला आहे, म्हणून लिहितो.

दहाएक वर्षांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा सत्कार होता. कार्यक्रम सहाचा आणि आयोजकांचे म्हणणे, 'पावणेसहाला आलात तरी पुरे.' तलावपाळीच्या गर्दीतून ट्रायपॉड खांद्यावर घेऊन पोहोचलो, तोवर दीपप्रज्वलन सुरू झाले होते. साउंडवाल्याने मिक्सरमधून निघालेली वायर हातात दिली, मी ती कॅमेऱ्याच्या एक्सएलआर म्हणजे आवाजाच्या सॉकेटात खुपसली आणि रेकॉर्डिंग सुरू केले. त्या सॉकेटासाठी कॅमेऱ्यावर एक इवलासा स्विच असतो: लाइन (मिक्सरसारख्या यंत्राचा तयार सिग्नल), माइक आणि माइक अधिक ४८ व्होल्ट (वीज लागणाऱ्या माइकसाठी). मिक्सरचा सिग्नल लाइनचा, म्हणजे साध्या माइकपेक्षा शेकडो पट दांडगा. माझा स्विच आदल्या दिवशीच्या लग्नापासून माइकवरच राहिलेला. हेडफोन बॅगेत. आवाजाचा मीटर लालेलाल होत होता आणि मी फ्रेम बघत होतो. बाई पस्तीस मिनिटे बोलल्या, हातात कागद न घेता. विद्यार्थ्यांना ते भाषण उतरवून पुस्तिका छापायची होती, पण वाक्येच्या वाक्ये लागेनात. असा आवाज नंतर कितीही कमी केला तरी शिवता येत नाही, कारण आवाजाच्या लाटांचे माथेच छाटले गेलेले असतात. शेवटी बाईंनीच आठवून सगळे लिहून दिले आणि मला निरोप धाडला, 'पुढच्या वेळी घंटा व्हायच्या आधी येत जा.'

तेव्हापासून मी तासभर आधी जातो, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांचे काम घेत नाही.

त्या तासात काय करता, असे विचारतील. आवाजाचे म्हणाल तर साउंडवाल्याकडून लाइन घ्यायची, एका चॅनेलवर ती आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, म्हणजे एक बुडाला तरी दुसरा हाताशी असतो. मग कानावर हेडफोन चढवून कोणाला तरी पोडियमवरून बोलायला लावायचे. नुसते 'हॅलो हॅलो' नको, भाषणाच्या पट्टीत. चेहरे निळे पडतात त्याचेही कारण साधे आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: हॅलोजनचा पिवळसर उजेड ३२०० केल्विनचा, दिवसाचा साधारण ५६०० चा. पांढरा म्हणजे कोणता, हे कॅमेऱ्याला त्या त्या उजेडात ठरवून द्यावे लागते. हॅलोजनखाली ठरवलेला पांढरा तसाच ठेवून पांढऱ्या एलईडीखाली गेलात की माणसे निळी दिसणारच. ऑटोवर सोडले तर मागचा गुलाबी पडदा बघून कॅमेरा त्यांना हिरवट करतो. उपाय फुकटचा आहे. प्रकाशवाल्याने एक मिनिट रंगमंचावर नुसता पांढरा उजेड द्यायचा, आणि सूत्रसंचालिकेने निवेदनाचा कागद कोऱ्या बाजूने तोंडासमोर धरायचा, त्यावर मी कॅमेऱ्याचा पांढरा ठरवतो. कागद कॅमेऱ्याजवळ धरून उपयोग नाही, वक्ता उभा राहणार तिथेच हवा. पण नेमके त्याच वेळी फुलांची सजावट चाललेली असते आणि 'लाइट्स नंतर बघू' असे उत्तर मिळते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) आणि शटर १/५० सेकंदाचे, म्हणजे दिव्यांच्या लुकलुकीशी जुळते. १/६० वर गेले की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. हल्ली मागे एलईडी स्क्रीन लावतात, तिच्यावर तरीही पट्टे येतात. ते शटर बारीकबारीक सरकवून घालवावे लागतात, आणि त्यासाठी स्क्रीन आधी सुरू लागते, पाहुणे आल्यावर नव्हे. कार्यकर्त्यांनी मोबाइलवर काढलेले ३० फ्रेमचे तुकडे आणून 'हेही जोडा' म्हणतात. त्यांच्यापायी माझे २५ चे चित्र संकलनात ३० च्या टाइमलाइनवर टाकले की दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि लावणीवालीचे पाऊल अडखळल्यासारखे वाटते. दोष नाचणारीचा नसतो.

राहिले ते 'सहा तास'. सेकंदाला पन्नास मेगाबिटने चित्रण केले तर तासाचे साडेबावीस जीबी होतात. रात्री घरी आल्यावर कार्डातले फोल्डर जसेच्या तसे, एकही फाइल न वगळता, दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचे आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात, मध्य, शेवट चालवून बघायचे. त्याआधी कार्ड फॉरमॅट करायचे नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हळद असली तरी. माझे दोन जोड कार्डांचे आहेत ते त्यापायीच.

मग संकलन आणि एक्सपोर्ट. यूट्यूबसाठी १०८०पी चित्र, एच २६४ पद्धतीने आवळलेले, सेकंदाला साधारण आठ मेगाबिट. तीन तासांची फाइल जवळपास अकरा जीबीची होते, आणि 'पेनड्राइव्हवर जात नाही, तुमची फाइल खराब आहे' असा फोन येतो. पेनड्राइव्ह एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर तो ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही; एक्सफॅट करून घ्या, जाते. 'व्हॉट्सॲपवरच टाका ना' म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

एक विनंती मात्र संस्थांना आहे. आपले गडकरी रंगायतन नाट्यगृह १९७८ सालापासून उभे आहे. तिथे आणि गावातल्या लहान सभागृहांत झालेले किती कार्यक्रम आज कोणाला बघता येतील? तयार फिल्म नेतात, मूळ चित्रीकरण कोणी मागत नाही. ते आमच्याकडे पडून राहते आणि जागा संपली की आम्ही पुसतो. वर्गणीच्या वह्या ठेवता त्या कपाटात संस्थेच्या नावाची एक हार्ड डिस्क ठेवा आणि प्रत्येक कामानंतर मूळ फुटेज त्यावर मागून घ्या. माझ्याकडे आज २०२३ च्या गणेशोत्सवापासूनचे आहे, त्याआधीचे गेले. ज्या मंडळांची कामे मी केली आहेत त्यांनी दिवाळीच्या आत डिस्क घेऊन यावे, भरून देण्याचे पैसे घेणार नाही.

— एक व्हिडिओग्राफर, नौपाडा, ठाणे