सॉल्टेअरच्या दगडी घरासाठी काकांचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या सॉल्टेअर गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीच्या भिंतीवरचा लोणा, म्हणजे ओलीमुळे वर येणारे क्षार, थांबला. पुण्यातले वाडे दुरुस्त करण्यात तुमची हयात गेली. तो अनुभव यॉर्कशरच्या दगडाला लावून तुम्ही आमचं घर वाचवलंत. पत्र मुद्दाम उघडपणे लिहितोय, या भागात जुनं घर घेणाऱ्या इतर मराठी मंडळींनाही ते उपयोगी पडावं म्हणून.

टायटस सॉल्ट या कारखानदाराने १८५३ मध्ये एअर नदीकाठी लोकरीची गिरणी सुरू केली आणि कामगारांसाठी वालुकाश्मातली ही घरं चुन्यात बांधून घेतली. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली, २००१ मध्ये गाव जागतिक वारसा यादीत गेलं. मधल्या काळात कुणीतरी आमच्या घराच्या दरजांत (दगडांमधल्या सांध्यांत) सिमेंट भरून ठेवलं होतं.

ओल घालवतो म्हणणाऱ्या ठेकेदाराने भिंतीला भोकं पाडून रसायन भरायचं दरपत्रक दिलं होतं. तुम्ही त्याच्या ओल मोजायच्या यंत्रावरच बोट ठेवलंत. दोन टाचण्यांचं ते यंत्र लाकडासाठी बनवलेलं. ते विजेचं वहन मोजतं, आणि दगडात क्षार असले की आकडा आपोआप चढतो. शिवाय भिंत दीड फूट जाड, मधे दगडगोट्यांची भर. त्यात रसायनाचा सलग थर बसणार तरी कसा? त्याऐवजी पाणी कुठून येतं ते बघा, म्हणालात. अंगणातलं काँक्रीट आतल्या जमिनीपेक्षा वर आलं होतं, पन्हळीचा सांधा ठिबकत होता आणि लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या बुजल्या होत्या. काँक्रीट काढून बाहेरची पातळी आतल्या जमिनीच्या १५० मिलिमीटर खाली नेली, जाळ्या मोकळ्या केल्या. दोन वाशांची टोकं कुजली होती, तेवढीच कापून नवीन लाकूड जोडलं.

दरजांचं काम मात्र तुमच्याशिवाय बिघडलंच असतं. सिमेंट या दगडापेक्षा कडक, त्यातून पाणी बाहेर पडत नाही. मग ते दगडातून वाट काढतं, क्षार पृष्ठभागाशी गोळा होतात, वर थंडीत पाणी गोठतं आणि दगडाचे पोपडे निघतात. सिमेंट शाबूत आणि भोवतीचा दगड बशीसारखा खोलगट, हे दृश्य इथे गल्लोगल्ली दिसतं. ग्राइंडर लावू नका, हे तुम्ही तीनदा बजावलंत आणि ते बरोबरच होतं: अरुंद दरजेत चकती जरा सरकली की दगडाची कड गेली, ती परत येत नाही. पातळ छिन्नी, हलकी हातोडी आणि चिकाटी. दरज किती खोल कोरायची? तिच्या रुंदीच्या दुप्पट, पण २५ मिलिमीटरहून कमी नाही.

माल: एक भाग एनएचएल ३.५ चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, मध्यम ताकदीचा), तीन भाग कोनदार, लहान-मोठ्या कणांची वाळू. मोजायचं बादलीने, फावड्याने नाही. गुळगुळीत बारीक वाळूचा माल आकसतो आणि चिरतो. पाणी इतकंच, की मुठीत दाबल्यावर गोळा राहावा पण तळवा ओला होऊ नये. वाड्यांच्या चुन्यात घालतात तसं गूळ-बेलफळ घालायचा विषय आम्हीच काढला होता. इथला हा चुना पाण्यानेच घट्ट होतो, वाड्याची कृती वाड्यात ठेवा, हे तुमचं उत्तर!

भरण्याआधी दरज भिजवायची, नाहीतर कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो आणि चुना भुगा होऊन पडतो. माल जरा घट्ट झाला की ताठ ब्रशने ठोकायचा, म्हणजे वरची साय निघून वाळूचे कण उघडे पडतात. मग आठवडाभर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली जायची शक्यता असेल तर काम बंद. म्हणून ऑक्टोबरनंतर करणी हातात घ्यायची नाही.

आत जिप्समचा गिलावा खरवडून केस घातलेल्या चुन्याचा गिलावा केला, पण भिंत सुकू दिल्यावरच. भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला सुकायला एक महिना हा तुमचा ढोबळ हिशेब इथेही खरा ठरला. वर प्लास्टिक रंग नाही, चुन्याचेच पातळ हात.

सरकत्या खिडक्यांबद्दल थोडक्यात. घर ग्रेड टू या संरक्षित वास्तूंच्या यादीत असल्याने दुहेरी काचेला नगरपालिकेची परवानगी लागते. त्यात काच जड झाली की चौकटीच्या पेटीत दोरीला टांगलेली, झडपेचा भार तोलणारी वजनंही बदलावी लागतात, हे कुणी सांगत नाही. आम्ही जुनीच काच ठेवली. नवीन दोऱ्या घातल्या, वरच्या झडपेची वजनं तिच्याहून किंचित जड आणि खालच्या झडपेची किंचित हलकी ठेवली. दोन्ही झडपा आता जागच्या जागी थांबतात. जुन्या रंगात शिसं असणार हे धरून सगळं ओलं घासलं.

समोरच्या भिंतीच्या दरजा एप्रिलमध्ये काढतोय. वाळूचा नमुना टपालाने पाठवला आहे, तेवढा चाळून बघाल का? काकूंना नमस्कार.

आपली,
सॉल्टेअरची मंडळी