अढीला घाई चालत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात आणि त्यांत हल्ली मल्लखांबालाही जागा मिळते, याचा माझ्यासारख्या जुन्या मल्लखांबपटूला आनंदच आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी नव्याने रुजवलेल्या या विद्येची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये आपल्या शिवाजी पार्कलाच झाली आणि मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे पालकांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे. तक्रार आहे ती दहा-पंधरा दिवसांत 'प्रात्यक्षिक' उभे करण्याच्या हट्टाबद्दल.

यंदा माझा नातू अशाच एका शिबिराला जात होता. आठव्या दिवशी त्याला समारोपासाठी एक आसन शिकवायला घेतले. तोवर त्याची साधी अढी, म्हणजे खांबाला मांड्यांनी उलटे लटकण्याची पहिली पकडदेखील, बसलेली नव्हती. मनगट दुखावले आणि उरलेले शिबिर त्याने कट्ट्यावर बसून पाहिले. शिक्षक मनाने वाईट नव्हते. त्यांना तारीख गाठायची होती.

साधी अढी सांगायला सोपी आहे : हातांनी खांब धरायचा, डोके खाली ठेवून पाय वर न्यायचे, मांड्यांत खांब आवळायचा आणि शरीराचा भार हातांवरून मांड्यांवर सोपवायचा. हा भार सोपवण्याचा क्षणच कठीण असतो, कारण उलटे लटकलेले शरीर भीतीने हातांची पकड सोडायला तयार नसते. आमच्या वेळी यात महिने जात. एरंडेल लावलेल्या लाकडावर मांडी किती घसरते, कुठे आवळली की थांबते, हे सांगून कळत नाही. कातडीलाच ते शिकावे लागते, आणि सोलवटलेली कातडी बरी होईपर्यंत दोन दिवस गप्प बसावे लागते. ते दोन दिवसही वाया जात नाहीत, कारण आदल्या दिवशी अडलेली हालचाल झोपेनंतर पुष्कळदा आपसूक सुटते. अढी पक्की झाल्याशिवाय दसरंगासारख्या पुढच्या प्रकाराला हात लावू न देणारे आमचे गुरुजी तेव्हा आम्हाला खडूस वाटत. (मला आजही थोडे वाटतात.)

या सावकाशीला शरीरशास्त्राचाही आधार आहे. सरावाने स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढते. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांध्यांचे अस्थिबंध त्यांच्यामागून, बरेच हळू तयार होतात. 'आता जमतंय' असे मुलाला वाटू लागते, नेमके तेव्हाच त्याचे मनगट आणि खांदे मागे राहिलेले असतात.

म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना विनंती, की समारोपाचे प्रात्यक्षिक वर्षभर येणाऱ्या मुलांकडूनच करवून घ्यावे आणि नव्या मुलांच्या पालकांना शेवटच्या दिवशी जूनपासूनच्या नियमित वर्गांचे वेळापत्रक द्यावे. पालकांनीही मोबाइल खिशात ठेवावा. आपल्या वृत्तपत्रालाही एक सुचवावेसे वाटते : शिबिरांची छायाचित्रे आपण मे महिन्यात आवर्जून छापता, तसा एखादा छायाचित्रकार नोव्हेंबरमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी सहा वाजता व्यायामशाळेत पाठवावा.

आपला नम्र,
एक जुना मल्लखांबपटू, दादर, मुंबई