पावाला टाळ्या किती?

संपादक साहेब, नमस्कार.

माझा नातू साडेचार वर्षांचा. गाडीला 'दाडी' म्हणतो, काकाला 'ताता'. परळच्या पुलावर उभा राहून 'दाडी आली, दाडी आली' ओरडतो तेव्हा दाढीवाले वळून बघतात, आम्ही पण आधी पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू. मग हसणं थांबलं आणि 'गाडी म्हण बघू, नीट म्हण' सुरू झालं, ते पण पाहुण्यांसमोर, आणि पोरगं बोलायचंच कमी झालं.

सुनेने स्पीच थेरपिस्टकडे नेलं. आधी कान तपासले, ते ठीक निघाले. मग त्या बाई म्हणाल्या की 'र' उशिरा आला तरी चालतो, पण क-ग च्या जागी त-द येणं साधारण चार वर्षांपर्यंत सुटायला हवं, आणि अशा काही मुलांना पुढे वाचायला पण जड जातं, म्हणून तोंडाबरोबर कान तयार करायचा. म्हणजे खेळच हो. दोन चित्रं ठेवायची, कार आणि तार. मी बोलले की त्याने चित्र उचलायचं, मग तो बोलणार आणि मी उचलणार. त्याला कार हवी असते पण तोंडातून 'तार' निघतं, मी गुपचूप तार उचलते, की हा चिडतो, 'ही नाय आजी!' आणि परत जोर लावून म्हणून बघतो. मी दहा वेळा 'नीट म्हण' केलं त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरा खेळ कॅरमच्या सोंगट्यांचा, शब्दाच्या एकेका ठोक्याला एक सोंगटी पुढे. बटाटा, तीन. दादर, दोन. पाव म्हटलं तर त्याने एकच सरकवली. शाळेत मात्र पावाला एक टाळी वाजवली म्हणून बाईंनी चूक दिली, कारण अक्षरं दोन! अहो, तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा. शेवटचा 'अ' आपण म्हणतो कुठे? लिहिताना दोन, कानाला एकच. वर आम्हालाच ऐकवलं की आधी बाराखडी पक्की करा, आणि दहा पानं गिरवायला दिली.

एका वर्गात चाळीस पोरं असतात, बाईंचे हाल मला कळतात. पण बालवाडीत रोज दहा मिनिटं वही बंद ठेवून 'गाडी-माडी-साडी' जुळवणं, 'मावशी'तला पहिला आवाज कोणता ते विचारणं, याला ना पैसे लागत ना सामान. आणि आमच्या चाळीत अर्ध्या लोकांना वाटतं स्पीच थेरपी म्हणजे फक्त प्रायव्हेट आणि महाग, तर बांद्र्याला रेक्लमेशनजवळ सरकारी अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून, नायर हॉस्पिटलमध्येही हा विभाग आहे, तिथे विचारा तरी.

आणि बाईंना एवढंच, पावाला एक टाळी वाजली तर निदान चूक देऊ नका.

एक आजी, परळ