फुगीर ब्रीचेस : थाटाआधी गरज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लष्करी गणवेशांवरील लेखात घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या, मांडीशी फुगलेल्या ब्रीचेसची (घोडेस्वारीच्या विजारीची) बोळवण ‘साहेबी थाट’ म्हणून केली आहे. थाट त्यात पुढे आला हे खरे. परंतु तो फुगवटा मुळात गरजेपोटी आला आणि त्याचे बरेचसे श्रेय जोधपूरकडे जाते.

त्या काळचे कापड ताणले जात नसे. रिकिबीत पाय ठेवून मांड टाकली की ते मांडीवर ओढले जाई. घट्ट बेतले तर शिवण उसवे आणि सगळीकडे सैल ठेवले तर गुडघ्याखाली चुण्या पडून, त्या खोगिराशी घासून कातडी सोलवटत असे. म्हणून वर घेर आणि गुडघ्यापासून खाली चुडीदारासारखा घट्टपणा. आतल्या अंगाला, जेथे खोगिराचा दाब येतो तेथे, दुहेरी कापड किंवा मऊ चामडे लावत आणि पोटरीवरची बटणे बाहेरच्या बाजूला घेत. नेपोलियनच्या काळातील युरोपीय स्वारही तुमानीला आतून चामडे लावत, पण हा घेर त्यांच्याकडे नव्हता.

जोधपूरच्या राजघराण्यातील सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा अशा घेराची जोधपुरी विजार तेथील पोलोच्या मैदानावर लोकांच्या नजरेत भरली. (त्यांचे सामान जहाजासह बुडाले, म्हणून लंडनच्या शिंप्याकडून ती नव्याने शिवून घ्यावी लागली, ही हकिगत रंगवून सांगितली जाते, तिच्यात मीठमसाला किती, हे ज्याने त्याने ठरवावे.) मूळ जोधपुरी विजार घोट्यापर्यंत असल्याने तिच्यावर उंच बूट चढवावे लागत नाहीत. ब्रिटिश लष्कराच्या ब्रीचेस मात्र पोटरीवरच संपत व खाली उंच बूट किंवा पोटरीला गुंडाळायच्या पट्ट्या येत.

लेखातील शेरा खरा ठरतो तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तोवर घोड्याशी संबंध न उरलेले वैमानिक आणि मोटारसायकलवरचे निरोपेही हाच घेर मिरवू लागले होते. पुढे ताणले जाणारे कापड आले आणि स्वारांनाच त्या घेराची गरज उरली नाही.

ही लेखमाला पुढे चालणार असेल, तर अशा विजारीच्या गुडघ्याच्या आतील बाजूचे एखादे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे